टाकीचं झाकण

त्या वर्षी माझं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, एका ट्रान्सपोर्ट युनिटच्या वर्कशॉपमध्ये होतं. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. साडेपाचला फॉल-इन, सहाला गाड्यांचं इन्स्पेक्शन, सातला कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, रवाना. तेल, पाणी, हवा, ब्रेक, बॅटरी. रोज तेच आणि त्याच क्रमाने. रिटायर होऊन गावी आल्यापासून लोक एकच प्रश्न विचारतात, गोळी किती वेळा चालवली? मी सांगतो, गोळी नाही, पाने चालवले. मग त्यांचा चेहरा पडतो आणि मागवलेला चहाही थंड होतो.

नाईक भास्कर त्याच युनिटात ड्रायव्हर होता. तो खालापूर तालुक्यातला, मी कर्जतचा, कोंडाणे लेण्यांच्या बाजूचा. परमुलखात एवढ्या जवळचा माणूस म्हणजे भाऊच. गाडीबद्दल मी काही सांगितलं की तो लगेच खिशातल्या वहीत लिहून ठेवायचा. माझा शब्द त्याला छापील वाटायचा, आणि मला ते आवडायचं.

भास्कर गेला त्याला आता सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याच्या बायकोचा, वंदना वहिनींचा, फोन आला.

"भाऊजी, गाडी भंगारात काढलीय. परवा मानूस येनार हाय न्यायला. म्हटलं, तुमाला सांगावं."

गाडी म्हणजे भास्करने एका सुट्टीत घेतलेली जुनी डिझेल पिकअप. तो गेल्यावर वहिनी ती स्वतः चालवायला शिकल्या. सकाळी डोंगरावरच्या ठाकरवाडीत जायचं, तिथल्या बायका आणि त्यांच्या भाजीच्या पाट्या भरायच्या, खोपोलीच्या बाजारात उतरवायच्या. त्या वाडीत दुसरी कुठलीच गाडी चढत नाही. आणि भास्करची म्हणावी अशी वहिनींकडे तेवढी एकच वस्तू चालती-बोलती उरली होती. ती तोडायला द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी साडेआठला पोचलो. गाडी चढाच्या पायथ्याशी गॅरेजमध्ये उभी होती, वहिनीही तिथेच होत्या. आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते मी लपवत नाही. गाडीचा आजार काय होता? झटक्यात सुरू व्हायची, सपाटीला बरी चालायची, वाडीचा चढ लागला की दुसऱ्या वळणावर दम टाकायची. पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. एवढं ऐकून ज्याला काही सुचत नाही त्याने पाना खाली ठेवावा आणि भज्यांची गाडी लावावी. इथल्या मिस्त्रीने आधी फिल्टर बदलला, मग फीड पंप बदलला, मग नोझल काढून धुतले आणि शेवटी मोठा पंपच गेला असं जाहीर केलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"पंप खल्लास हाय साहेब," मिस्त्री म्हणाला. "एवढ्या जुन्या गाडीचा पार्ट भेटत नाय. भंगारच."

"पंप तपासला कसा?"

"तपासायचा काय त्यात? आवाजावरनं कलतं आमाला."

"टाकी बघितली?"

"टाकी फुल हाय की!"

टाकी फुल आहे. हा माणूस रोज दहा गाड्या उघडतो, आणि त्याच्या हातून त्या परत बंद होतात हेच नवल.

डिझेल टाकीतून निघतं, फिल्टरमधून जातं आणि पंपात पोचतं. पंप ते इंजिनात फेकतो. वाट कुठे अडली ते शोधायचं तर आधी वाटेचे दोन तुकडे करायचे. हे फौजेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी पाच लिटरच्या कॅनमध्ये डिझेल भरलं, कॅन हौद्यात उंच बांधला, टाकीकडून येणारा पाइप सोडवला आणि कॅनचा पाइप फिल्टरला जोडला. हवा काढली. मिस्त्रीला हौद्यात कॅन धरायला बसवलं आणि वहिनींना म्हटलं, "चढवा."

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. गाडी थेट वाडीत जाऊन उभी राहिली. म्हणजे पंप ठणठणीत होता, दोष टाकीकडच्या बाजूला. मिस्त्री हौद्यातून उतरून लांब डोंगराकडे बघत राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

खाली आलो, टाकीचा पाइप परत जोडला, पुन्हा चढवली. नऊ वाजून वीस मिनिटांनी दुसऱ्या वळणावर गाडी बंद पडली. मी उतरलो, टाकीपाशी गेलो आणि झाकण फिरवलं.

फुस्स.

टाकीत हवा शिरल्याचा तो आवाज होता. नारळाला एकच भोक पाडलं तर पाणी धड पडत नाही, तसंच हे. जेवढं डिझेल बाहेर जाईल तेवढी हवा आत यावी लागते, म्हणून झाकणाला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकी डिझेल सोडत नाही. पंप ओढून ओढून उपाशी राहतो. थोडं थांबलं की कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी सुरू होते.

मी झाकण उलटं केलं. आतल्या रबराखाली जाड पॉलिथीनचा गोल तुकडा, कडेने नीट कापून, दाबून बसवलेला.

मिस्त्री हसला. "हा कोन शाना रं? भोकच बुजवलं की!"

"मी लावलंय," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी शिकवलं व्हतं, पावसाचं पानी टाकीत जाऊ नये म्हनून. दर साली पावसाच्या आधी नवीन लावते. जुनं झाकन ढिलं झालं व्हतं म्हनून यंदा नवं घेतलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचीच आयडिया ना ती, भाऊजी? हे म्हनायचे, हवालदारसाहेबांची हाय, चुकायची नाय."

आयडिया माझीच होती. वर डोंगरात बर्फाचं पाणी झाकणातून टाकीत उतरायचं आणि गाड्या खोकायच्या. मी रेशनच्या पिशव्या कापून सगळ्या झाकणांखाली लावल्या. युनिटचे प्रमुख, ओसी साहेब, यांनी सर्वांसमोर पाठ थोपटली. झाकणं जुनी, रबर झिजलेलं, त्यातून हवा शिरत राहिली, म्हणून कोणाला काही कळलं नाही. पुढे भास्कर सुट्टीवर गावी जाऊन आला, आणि आल्या आठवड्यातच त्याच्या गाडीला नवं झाकण मिळालं. पॉलिथीन त्यालाही मीच लावलं.

त्या दिवशी कॉन्व्हॉय सातला निघाला. मी शेवटी, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत. एका पंक्चर गाडीपाशी थांबलो होतो, भास्कर दोन किलोमीटर पुढे. दहा चाळीसला रेडिओ वाजला. टेल म्हणजे ताफ्याच्या शेपटाला मी, चार्ली टू म्हणजे भास्कर.

"टेल, चार्ली टू. गाडी बंद. ओव्हर."

"लोकेशन? ओव्हर."

"चढावर. स्लाइड एरिया. ओव्हर."

"ब्लीड कर, हवा काढ, मग स्टार्ट कर. ओव्हर."

दहा मिनिटांनी पुन्हा भास्कर. "स्टार्ट झाली. वीस पावलांवर परत बंद. ओव्हर."

"पंप गेलाय. गाडी सोडू नको, स्टार्टर मारत राहा. पंप घेऊन येतो. ओव्हर."

"विल्को. आऊट." म्हणजे हुकूम मिळाला, पाळतो.

दगड पडतात त्या पट्ट्यात बंद गाडीत बसायचं नाही, उतरून पुढे चालत निघायचं, ही स्टँडिंग ऑर्डर होती. मला तोंडपाठ होती. पण मी पास केलेली गाडी भर रस्त्यात उभी आहे याची मला लाज वाटत होती. ती कोणी बघण्याआधी हलावी एवढंच डोक्यात होतं. आवाजावरनं कळतं आम्हाला, असं मी म्हणालो नव्हतो. मी तर आवाजही ऐकला नव्हता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

अकरा पाचला दगड आले. मी अकरा दहाला पोचलो. केबिन उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये ओढून आणलेल्या गाडीचं इंजिन मी जोडतोड करून फिरवलं. जुन्याच पंपावर, पहिल्याच झटक्यात सुरू झालं. ठेवलं चालू, दाबला अ‍ॅक्सिलेटर, काही वेळाने बंद. मी झाकण फिरवलं आणि तो आवाज ऐकला. मग एकेका गाडीचं पॉलिथीन काढून जाळलं. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत विचारलं, गाडी का थांबली? मी म्हटलं, "फ्युएल स्टार्वेशन, सर." इंजिनापर्यंत डिझेल पोचलं नाही, एवढं खरं होतं. कशामुळे, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर दर दिवाळीला वहिनींच्या ओट्यावर बसून चहा प्यायलो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. मिस्त्री लोकांना मी जो शिव्या घालत हिंडतो, त्यातली पहिली शिवी कोणाला लागते ते मला ठाऊक आहे.

त्या वळणावर, हातात झाकण धरून, मी हे सगळं वहिनींना सांगितलं. जसं इथे लिहिलंय तसंच, वेळांसकट. मिस्त्रीचं हसू मावळलं. तो उतारावर दहा-बारा पावलं खाली गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला. तेवढी समज त्या माणसाला होती.

वहिनींनी माझ्या हातातून झाकण घेतलं. पॉलिथीन नखाने उचकटून काढलं, घडी करून कमरेला खोचलं. झाकण टाकीला लावलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

मी शेजारी बसलो. मिस्त्री मागे चढला. गाडी सुरू झाली, दुसरं वळण मागे पडलं, तिसरं आलं. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. वाडीतली पहिली घरं दिसायला लागली तेव्हा वहिनींनी समोर बघतच विचारलं,

"तवा तुमी जाऊन ह्यांच्या गाडीचं झाकन उगडलं असतं, तर किती येळ लागला असता?"

"अर्धं मिनिट."

त्यांनी गिअर बदलला. वाडीत बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. वहिनींनी उतरून हौद्याचा मागचा फाळका उघडला आणि एकेक पाटी हौद्यात घेतली. भंगारवाल्याला मिस्त्रीनेच तिथून फोन करून नको म्हणून सांगितलं.

यंदाच्या दिवाळीत मी गेलो नाही. बोलावणं आलं नव्हतं. गाडी मात्र रोज चढते, असं कळतं.

युनिटच्या फळ्यावर भास्करच्या नावापुढे लिहिलंय, दगड कोसळून, ऑन ड्यूटी. तो फळा पुसायचा अधिकार मला नाही. म्हणून इथे लिहितो. नाईक भास्कर, ड्रायव्हर. सांगितलेला हुकूम पाळत होता. हुकूम माझा होता.