काढा अर्धा आटला पाहिजे

जर्मनीत करतात तशी गरम वाइन थंडीत घरी करून बघावी म्हणून मी पातेल्यात लाल वाइन ओतली. तिच्यात लवंगा, दालचिनी आणि संत्र्याची साल टाकली. ही उकळू द्यायची नसते, नाहीतर नशा वाफेबरोबर उडून जाते. दालचिनीचा वास मात्र घरभर गेला आणि शाल सावरत आई आली.

"काढा करतोयस? बरं नाही का रे?"

"घसा धरलाय जरा." पन्नाशीला आलेला मी बाटली पाठीमागे लपवून उभा होतो.

"मग एवढ्या मंद गॅसवर काय ठेवलंस? काढा अर्धा आटला पाहिजे."

तिने गॅस मोठा केला, कुंडीतला गवती चहा तोडून आत टाकला आणि ढवळत राहिली. पातेलं खदखदू लागलं. तो लाल रंग तिला दिसला नसेल? तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं. संशयाला उत्तर देता येतं. या काळजीपुढे मान वर होईना.

तिने गाळून कप माझ्या हातात दिला, स्वतःची शाल माझ्या गळ्याभोवती गुंडाळली.

"गरम आहे तोवर पी."

मी घोट घेतला. काढाच झाला होता तो.