गोणी म्हणून नोंदलेली बाई

मोठ्या पडद्यावर एक बाई उकिडवी बसून मशीनखालचं तेल पुसत होती. पाठ आमच्याकडे, डोक्यावर पदर, हातात चिंधी. तिच्याभोवती पिवळा चौकोन आला आणि वर शब्द उमटला: गोणी.

चाकणच्या कंपनीतून आलेले साहेब खो खो हसले. आमचे सर आधी ओशाळले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"उभी राहा गं. हिचं काम हे. खेड्यातून येतात, माणूस आणि गोणी यातलं कळत नाही."

मी उभी राहिले. साहेब पुन्हा हसले.

खरं सांगते. ती गोणी मीच टाकली होती. चिंचवडच्या या ऑफिसात आम्ही मुली दिवसभर कारखान्यातल्या फोटोंवर चौकोन काढतो आणि आत काय आहे ते वर लिहितो. चाकणच्या त्या कंपनीत बिनड्रायव्हरची गाडी माल उचलणार आहे. समोर काय आहे, हे ती आमच्या चौकोनांवरून शिकते. हेल्मेट घालून उभा असेल तो माणूस. मग वाकलेल्या, बसलेल्या सफाईवाल्या बायकांचं काय करू, असं मी पहिल्याच आठवड्यात सरांना विचारलं होतं. "त्यांच्यात वेळ घालवू नकोस. गोणी टाक, पुढे जा." मी टाकली. एक नाही, शेकड्यांनी टाकल्या. त्यांच्या हसण्यापेक्षा मला याची लाज जास्त वाटते.

माझी आईही चाकणलाच एका कारखान्यात झाडू मारते. लातूरहून आलो तेव्हापासून. साहेब हसले त्या दिवशी घरी आल्यावर तिला विचारलं, मागून गाडी आली तर तुला कळतं का? भाकरी थापता थापता म्हणाली, "डायवर भोंगा वाजिवतो की. मी सरकते बाजूला."

नव्या गाडीत ड्रायव्हरच नाही. माणूस दिसला तर ती लांबूनच थांबणार. गोणी दिसली तर उचलायला जवळ येणार.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, सर टेबलाशी आले. जिनं चौकोन काढले तिनंच शेवटी मंजूर करायचं, असा आमचा नियम आहे.

"पटकन मंजूर कर. कंपनीला घाई आहे. सफाईवाल्यांना बाजूला राहायला सांगतील ते."

"नाही करणार, सर. आधी या बायकांना माणूस लिहायचं."

"जमत नसेल तर ऊठ. तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतात."

मी उठले नाही. पहिला फोटो उघडला. गोणी पुसली, माणूस लिहिलं. मग दुसरा. सर ओरडत होते, पण माझे हात थांबले नाहीत.

उद्या मला काढतील. काढू देत. माझ्या जागी जी बसेल तिला मी ऑफिसच्या गेटवर गाठून सांगणार आहे, या बायकांना माणूसच लिही. आणि आज शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणला त्या कंपनीच्या दारात उभी राहणार आहे. बाहेर पडणाऱ्या एकेका बाईला थांबवून सांगणार आहे, तुम्हाला गोणी लिहिलंय. लिहिणारी मी होते.