गुरमेलचा डग्गा

गुरमेल सिंग विलायतेत, हँड्सवर्थमध्ये बस चालवायचा आणि रविवारी गुरुद्वाऱ्यात कीर्तनाला तबल्यावर बसायचा. आमच्या बँडमध्ये त्याला वर्नाने ओढलं. वर्ना जमैकाहून आलेल्या आईबापांची लेक, त्याच्याच डेपोत बसची इंजिनं दुरुस्त करायची. बेस गिटार अशी वाजवायची की ऐकणाऱ्याच्या पोटात घुमावी. ड्रमवर घानाचा क्वाबेना, गिटारवर मी. रेगे, फंक, क्वाबेनाच्या गावची गाणी, गुरमेलचे ठेके, सगळं एकाच ताटात.

गुरमेल आणि वर्ना यांचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. गुरमेलची समेवर, तालाच्या पहिल्या ठोक्यावर, श्रद्धा; कुठेही फिरा, शेवटी तिथेच या. वर्नाच्या रेगेत नेमका तोच ठोका मोकळा सोडतात.

"पाहुण्याला बोलावता आणि स्वतःच घरी नसता," तो म्हणायचा.

"दार उघडंच असतं, सिंग. तूच उगाच ठोठावतोस."

मग एका हिवाळ्यात गुरमेलला पक्षाघात झाला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं हळूहळू परत आलं. डावा हात मात्र उठेना. तबला-डग्गा गुरुद्वाऱ्यात देऊन टाक, असं त्याने बायकोला, सतवंतला सांगितलं. तिने हो म्हटलं, जोडी जिन्याखाली ठेवली आणि वर्नाला फोन केला.

वर्ना नारळाच्या दुधातला राजमा-भात घेऊन गेली. बेस आणि स्पीकर उचलायला मी. गुरमेल आमच्याकडे बघेना. लोकांनी कीव करून टाळ्या वाजवाव्यात, हे त्याला नको होतं. वर्नाने सगळं ऐकून घेतलं. मग सतवंतकडून नुसता तबला मागून घेतला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"उजवा तुझा. डग्गा मी वाजवते."

"तुला येतो?"

"नाही. शिकव."

वर्नाने बेस मांडीवर घेतली. मग तो केरव्याचे बोल तोंडाने म्हणाला. वर्नाने ते तारेवर उचलले, चुकीचे.

"घुमारा कुठाय? तार दाबून बोट सरकव. आणि समेवर ये, इथे पळवाट नाही."

"येते, बाबा."

तिने बोट सरकवलं आणि डग्ग्यावर मनगट घासावं तसा सूर वर चढला. गुरमेलचा उजवा हात आपोआप तबल्यावर गेला. सतवंत भात वाढायचा विसरून दारातच उभी राहिली.

वसंतात बैसाखीच्या मेळ्यात आम्ही बागेत वाजवलं. वर्नाच्या सुराला जागा हवी म्हणून क्वाबेनाने आपला मोठा ड्रम त्या दिवशी जवळजवळ मुका ठेवला. मंचावरून उतरल्यावर गुरुद्वाऱ्यातले एक वृद्ध बाबाजी गुरमेलला विचारत होते, डग्गा तर दिसला नाही, मग वाजवत कोण होतं? त्याने वर्नाकडे बोट केलं.

"माझी शागीर्द. अजून कच्ची आहे."

हात काही सुधारला नाही. पण त्यानंतरचे सगळे कार्यक्रम त्याने आमच्याबरोबर केले, आणि प्रत्येक वेळी घरी जाताना गाडीत वर्नाच्या चुका तिला ऐकवल्या.