उजवा माईक

संगणकातलं सगळं आपल्याला येतं, असा माझा समज होता तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नाही. तो समज जाऊन दोन वर्षंही झाली नसतील.

मी अमरावतीला राहतो आणि तेव्हा अकोल्याच्या एका संस्थेत कंत्राटी तांत्रिक सहायक होतो. सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, संध्याकाळी परत. संस्थेने एक प्रकल्प घेतला होता. वऱ्हाडातल्या शेतमजूर बायांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जतन करायच्या. 'त्यांच्याच आवाजात' हे शब्द प्रस्तावात ठळक छापले होते आणि आमच्या साहेबांना ते फार आवडायचे.

साहेब म्हणजे प्रकल्पप्रमुख. पुण्याकडचे, अभ्यासू, स्वभावाने वाईट नाहीत. मुलाखती ते स्वतः घेत, कारण प्रश्न विचारायची त्यांना भारी हौस. त्यांचा प्रश्न भातकुलीला सुरू झाला की नांदगाव खंडेश्वरला जाऊन संपायचा. वाटेत दोन पुस्तकांचे दाखले, एक व्याख्या आणि बाईने काय उत्तर द्यावं याचा अंदाजही येऊन जायचा. दुसरी कोणी असती तर 'हो जी' म्हणून मोकळी झाली असती. पण आमच्याकडच्या बाया बोलायच्या, आणि चांगलं तासभर बोलायच्या.

माणसं शोधताना साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या ओळखीत कोणी आहे का हो?" मी माझ्या मावशीचं नाव सुचवलं. ती भातकुली तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. उभा जन्म तिने दुसऱ्याच्या शेतात निंदण आणि कापूसवेचणी केली. आता सत्तरीच्या पुढे आहे. साहेब तिची मुलाखत घ्यायला गेले त्या दिवशी मी तिथे नव्हतो, माझं काम अकोल्यात खुर्चीवर. संध्याकाळी तिचाच फोन आला.

"जयभीम. सांगून टाकलं बापा सारं," ती म्हणाली. "जे आजवर कोणालेच नाही सांगतलं, तेबी सांगतलं."

"असं काय सांगतलं वं मावशी?"

"आता तोंडानं दुसऱ्यांदा नाही सांगत मी. त्या मशीनमंधी हाये. तू घेऊन ये, मंग सारे मिळून आयकू. मलेबी आयकाचं हाये, मी कशी बोलली ते."

मी म्हटलं, आणतो. त्यात काय एवढं?

आता रेकॉर्डरविषयी. पंज्याएवढं यंत्र, त्याला कॉलरला अडकवायचे दोन बारके माईक. डावा साहेबांना, उजवा बाईला. त्यामुळे प्रत्येक फाईलमध्ये डावीकडे साहेब असायचे आणि उजवीकडे बाई. हे मला पक्कं माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला माझी दया यायला नको.

रेकॉर्डर डब्ल्यूएमए प्रकारच्या फाईली बनवायचा. ज्या पोर्टलवर त्या चढवायच्या होत्या त्याला एमपीथ्रीच हवी, तीही लहान आकाराची आणि एकाच ट्रॅकची, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेली. एकंदर एकशे चौऱ्याऐंशी मुलाखती होत्या. कार्यालयाने या कामाला चार महिने दिले. फाईल उघडायची, बदलायची, शेवटपर्यंत ऐकायची आणि नोंदवहीत 'ऐकून तपासले' लिहून सही करायची.

चार महिने! मला हसू आलं. मी ती काळी खिडकी उघडली, जिच्यात माउस चालत नाही, फक्त हुकूम टाइप करायचे असतात. शेजारच्या टेबलावरच्या मंडळींना ती खिडकी दिसावी म्हणून मी स्क्रीन थोडी तिरपी केली होती, हेही कबूल करतो. फुकटात मिळणारं एक टूल आहे, त्याला एका ओळीत सांगता येतं, की या फोल्डरमधली एकेक फाईल घे, एमपीथ्री कर, पुढची घे. माणसाने मध्ये बोट लावायची गरज नाही.

आधी एका फाईलवर करून पाहिलं. दोन्ही बाजू एकत्र केल्या तर साहेबांचा आवाज घुमत होता, कारण त्यांचा आवाजच असा की तो समोरच्या बाईच्या माईकमध्येही शिरायचा. मग मी फक्त डावी बाजू घेऊन पाहिली. पहिलं मिनिट ऐकलं. साहेब स्वतःची ओळख करून देत होते, स्वच्छ, खणखणीत. त्यांची ओळख तीन मिनिटं चालायची. बाईची पाळी येईपर्यंत मी कशाला थांबतोय? मी ती ओळ पक्की केली.

वर आणखी एक शहाणपण केलं. डिस्क भरत आली होती आणि पुढच्या दौऱ्यासाठी रेकॉर्डरची कार्डंही रिकामी हवी होती. म्हणून त्याच ओळीच्या शेवटी जोडून दिलं की रूपांतर यशस्वी झालं तरच मूळ फाईल पुसून टाक. 'तरच' घातल्याबद्दल मी स्वतःलाच शाबासकी दिली. यंत्राच्या लेखी यशस्वी म्हणजे नवी फाईल तयार झाली, एवढंच. ती सगळीच्या सगळी झाली, आणि कार्डंही मी रिकामी करून दिली. दुपारचा चहा येईपर्यंत चार महिन्यांचं काम संपलं होतं.

मग नोंदवही. एकशे चौऱ्याऐंशी वेळा 'ऐकून तपासले' लिहिलं आणि खाली सही ठोकली. एकाच दिवसाचं वाटू नये म्हणून निळं आणि काळं अशी दोन पेनं वापरली. उरलेल्या महिन्यांत मी कानाला हेडफोन लावून क्रिकेट पाहिलं. येणारे-जाणारे आवाज न करता जात, कारण मी 'ऐकतोय' अशी समजूत होती. साहेबांनीही काही फाईली ऐकल्या आणि बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "आवाजाची गुणवत्ता उत्कृष्ट आहे." तेही पहिल्या तीन मिनिटांच्या पुढे गेले नव्हते. वरच्या समितीनेही तसाच शेरा मारला. माझी कॉलर ताठ.

मावशीचे फोन मात्र सुरूच होते. "काहून आणून नाही राहिला रे?" शेवटी एका रविवारी फोनमध्ये तिची फाईल आणि पिशवीत स्पीकर घेऊन मी गेलो. अंगणात शेजारच्या चार बाया जमल्या होत्या. मावशी धुतलेलं लुगडं नेसून मधोमध बसली. मी बटण दाबलं.

साहेबांची ओळख झाली. साहेबांचा पहिला प्रश्न झाला. मग काहीच नाही. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मी आवाज वाढवला, तर दूरच्या घरात कोणी बोलत असावं तशी कुजबुज, शब्द एकही कळेना. मग दणकन साहेब म्हणाले, "अगदी बरोबर," आणि दुसरा प्रश्न सुरू झाला.

"मी कुठी हाये याच्यात?" मावशीने विचारलं.

मी पुढे सरकवून पाहिलं. साहेब, कुजबुज, साहेब, कुजबुज. फाईल लहान करायची म्हणजे कानाला फारसा जाणवणार नाही तो बारीक आवाज टाकून द्यायचा. डब्ल्यूएमए काय नि एमपीथ्री काय, दोन्हींचं कामच ते. मावशीचा जो पुसट आवाज साहेबांच्या माईकमध्ये आला होता, त्यातला थोडा रेकॉर्डरनेच टाकला होता आणि उरलेला मी.

बाया हसत-हसत उठून गेल्या. एक म्हणाली, "मोठा इंजिनेर हाये भाचा!" मावशी हसली नाही.

सोमवारी अकोल्याला जाऊन एकूण एक फाईल तपासली. सगळ्यांचं तेच. पुसलेलं परत आणायची टूल्स चालवली, पण डिस्कवर आणि कार्डांवर नव्या दौऱ्याचं रेकॉर्डिंग चढलं होतं. मग एक आशा उरली. ऐकणारा माणूस तर शाबूत होता. मी साहेबांकडे गेलो, सगळं कबूल केलं आणि मावशीच्या मुलाखतीतला त्यांचा एक प्रश्न त्यांना ऐकवला.

त्यांनी डोळे मिटून ऐकला. "प्रश्न चांगला काढला होता मी."

"सर, पण त्यावर ती काय म्हणाली?"

"कोण?"

"जिला विचारलात ती. माझी मावशी."

त्यांनी मनापासून आठवायचा प्रयत्न केला. मी नाही म्हणणार नाही. "कापसाबद्दल काहीतरी... रडली होती ना ती? की ती चांदूर बाजारची?" मग मला धीर देत म्हणाले, "अहो, एवढं काय घाबरता? प्रश्न सगळे आहेत ना? उत्तरं साधारण सारखीच असतात. शब्दांकन करताना भरून काढू. अहवाल गेलाय, आता बोभाटा नको."

मला त्यांचा इतका राग आला की तिथेच काहीतरी बोलून बसणार होतो. पण नोंदवहीत सही माझी होती, तीही दोन रंगांत. मूग गिळून बाहेर आलो.

पुढच्या रविवारी पुन्हा मावशीकडे. मी ठरवलं होतं की एका फोनवर साहेबांचे प्रश्न लावायचे, दुसरा फोन रेकॉर्डिंगला ठेवायचा आणि रिकाम्या जागी मावशीने पुन्हा बोलायचं. ती आधी नाहीच म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "लाव."

कामाला कितव्या वर्षी लागली, पहिलं शेत कोणाचं, वेचणीला किती बाया असायच्या, सगळं तिने दोन-दोन वाक्यांत सांगितलं. मग साहेबांचा एक प्रश्न आला, त्यांच्या मानाने अगदी छोटा. "बरं, मुलाबाळांविषयी थोडं सांगा."

मावशीला मूल झालंच नाही, असं आम्ही घरचे सगळे आजवर धरून चाललो होतो. या प्रश्नाला 'नाही' एवढंच उत्तर असायला हवं होतं. पण ती कुजबुज सुरू झाली ती थांबेचना. एक मिनिट, तीन, सात. मावशी मान खाली घालून स्पीकरजवळ सरकली आणि ऐकू लागली. तिला शब्द कळत असावेत, मला कळत नव्हते. मी फोनवरच्या आकड्यांकडे पाहत राहिलो. अकरा मिनिटं झाली आणि साहेब म्हणाले, "बरं. आणि कपाशीचं बियाणं कोणतं लावायचे तेव्हा?"

मी फाईल थांबवली.

"तवाबी असंच झालं," मावशी म्हणाली. "मी डोये पुसून राहिली होती, आन तो बियाण्याचं इचारून राहिला होता."

"मावशी, काय सांगतलं होतं तू? मले सांग ना."

तिने स्पीकर हाताने दूर सारला. मग म्हणाली, "नाही रे बापा. एक डाव हिंमत केली होती. आता नाही होत."

मी रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढे केला, तर तिने माझा हात धरला. दुसऱ्या फोनकडे तोंड करून, सायबाला ऐकू जावं म्हणून चांगल्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "देशी लावत होतो जी. देशीच."