सुजलेली पोटरी

आमच्या घरात पाय दुखला की तेल. वडील परळीच्या दुकानात दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचे. त्यांची डावी पोटरी सुजली तेव्हा मी तिळाचं तेल कोमट करून ती अर्धा तास चोळली, चांगला जोर लावून. "लई बरं वाटतंय," ते म्हणाले. तासाभरात धाप लागली आणि गेले. हार्ट फेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

पुढं काही वर्षांनी माझाही पाय तसाच सुजला. लातूरच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "चोळला नाही ना?" तपासणीत निघालं, माझं रक्त जन्मतःच लवकर गोठतं, हा दोष आईबापाकडून येतो, भावंडांतही असू शकतो. चोळलं तर पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात जाते. वडिलांचं मी विचारलं नाही. कळलं होतं.

धाकट्या भावाला तपासून घे म्हटलं, तर त्याच्या पोरीचं लग्न जमत आलेलं. "दादा, रक्तात खोट हाय म्हणल्यावर कोण करंल सोयरीक? बोलू नका कुठं." झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूग गिळून बसलो आणि लग्नात मिरवलोही.

मग त्या पोरीला दिवस गेले. बाळंतपणात हा धोका वाढतो, हे डॉक्टर बोलले होते. मी पुतणीला फोन करून सगळं सांगितलं, वडिलांच्या पोटरीसकट. तिच्या सासरी कुजबुज झाली. भाऊ दुकानात आला, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "आजपासून तुमी आमचे न्हाईत." मी लग्न केलेलं नाही. आमचे म्हणायला माझ्याकडं तेवढेच होते. त्या दिवाळीला एकटाच जेवलो, आणि ते फार लागलं.

पुतणी माहेरी बाळंत झाली. नवव्या दिवशी तिचा दबक्या आवाजात फोन आला. "काका, पाय सुजलाय. मालिशवाली तेल तापवायलीय."

"हात लावू देऊ नको. आत्ता दवाखान्यात जा. माझ्या रक्ताचं सांग."

गाठच होती, असा दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. औषध सुरू झालं होतं. भावाचा फोन आला नाही.

सव्वा महिन्यानं त्याच्या गावचं एक गिऱ्हाईक साखर न्यायला आलं. "पोरीच्या लेकराचं बारसं लई जोरात झालं. तुमी कावून न्हाई आलात?"

थर्मल वीजकेंद्राची राख रोज बसते, ती मी काट्यावरून पुसली. दुकान बंद ठेवता येत नाही, म्हणालो. मग न राहवून विचारलं, "पोरगी नीट चालत होती का?"

"चालत होती की," तो म्हणाला. "लेकराला घेऊन घरभर फिरायली होती."