काकूंच्या व्हॅनमधली नावं

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाईला मुलं काकू म्हणतात, आणि मुलांचे आईबापही काकूच म्हणतात. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा व्हॅन विकायची की चालवायची असा प्रश्न होता. काकू स्टिअरिंगवर बसल्या. रिव्हर्स घेताना अजून जीभ दातांत धरतात. एरवी ती जीभ स्वस्थ नसते.

नावं पाडण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. बूट हातात घेऊन धावत येणारा तो ‘पार्सल’. खिडकीसाठी भांडणारी ती ‘मंत्रीणबाई’. बसल्या जागी पेंगणारा तो ‘बटाटा’. खरी नावं त्यांना धड आठवत नसत. बटाट्याने तर त्यांना दिलेल्या वाढदिवसाच्या कार्डावर ‘तुमचा बटाटा’ अशीच सही केली होती.

आठवीतल्या एका मुलाचा आवाज फुटला. एका सकाळी व्हॅनमध्ये चढताना तो “गुड मॉर्निंग, काकू” म्हणाला, त्यातलं अर्धं जमिनीवरून आलं आणि अर्धं छतावरून.

“अरे, ही पिपाणी कुठून आणलीस?” काकू म्हणाल्या.

व्हॅन खदखदून हसली. तोही हसला.

पुढे त्याचं गुड मॉर्निंग बंद झालं. काकूंना वाटलं, वयच आहे, आला असेल शिष्टपणा. मग त्याचं पोट दुखायला लागलं, मग डोकं. काकू इमारतीखाली दोनदा हॉर्न वाजवायच्या, मागून कुणीतरी तोंडाने “पीं पीं” करायचं, आणि तो काही यायचा नाही. काकू मान हलवून गिअर टाकायच्या.

एकदा त्याची आई खाली आली आणि व्हॅनच्या खिडकीशी उभी राहिली.

“काकू, हॉर्न नका वाजवू. वाजला की हा कानांवर उशी दाबून घेतो.”

“का हो? काय झालं?”

“वर्गात उत्तर द्यायला उभा राहिला की पोरं पीं पीं करतात. फोनवरही तेच पाठवतात. आता घरीसुद्धा बोलत नाही, नुसती मान हलवतो. रात्रभर जागा असतो. समुपदेशकाकडे नेतोय त्याला.” ती थांबली. “हे ‘पिपाणी’ नाव पाडलं कुणी, ते मात्र सांगत नाही. किती विचारलं!”

म्हणजे पोराने काकूंचं नाव घेतलं नव्हतं. काकूंनीही गप्प राहायचं ठरवलं असतं तर आईला कळलं नसतं.

“मी पाडलं,” काकू म्हणाल्या.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. जिन्याकडे वळली आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी एकेकाला खरं नाव विचारलं. ती नावं म्हणता म्हणता त्यांनी सख्ख्या भावंडांची आडनावं वेगवेगळी करून टाकली.

“माझं नाव का काढून घेतलं? मी काय केलं?” बटाटा रडवेला झाला.

“तू काही नाही केलंस, बाळा. मी केलं.”

त्या इमारतीखाली आता हॉर्न वाजेना. काकू किल्ली काढून घेत, धापा टाकत जिना चढत आणि दारात उभ्या राहून मुलाला नावाने हाक मारत. दार आईच उघडायची. “आज नाही,” म्हणायची. सुरुवातीला नजरेला नजर न देता, नंतर “बसा घटकाभर” असंही.

एका सोमवारी दार त्याने स्वतः उघडलं. दप्तर खांद्यावर होतं. काकूंनी माफीची चार वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकच तोंडातून निघालं. “चुकलं रे माझं.”

“चला,” तो म्हणाला. तेवढ्यातही आवाज मध्येच फाटला. काकू पायऱ्यांकडे बघत पुढे झाल्या.

व्हॅनमध्ये मागच्या सीटवरून एक बारीकशी “पीं” आलीच. काकूंनी व्हॅन कडेला घेऊन बंद केली.

“कुणाला चालत जायचंय?”

कुणालाच जायचं नव्हतं. तरी त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. शाळेला उशीर झाला. वॉचमनने “काय हो काकू, झोप लागली होती का?” म्हणून टोमणा मारला, तो त्यांनी ऐकून घेतला.

बाकीची मुलं पळाली. तो शेवटी उतरला, दप्तराचे बंद घट्ट धरून गेटपाशी थोडा थांबला. मागे वळून पाहिलं नाही. पण आत गेला.