बँकेचं रजिस्टर पत्र

धारवाडजवळच्या अमरगोळच्या मार्केट यार्डात मी चाळीस वर्षं तोलार होतो. पोती तोलायची, वजन ओरडून सांगायचं. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड; मराठी ती घरातली. यार्डातला व्यवहार तोंडी. कागद येतो तो काहीतरी वाकडं झाल्यावरच. म्हणून रजिस्टर पत्र आलं तर घ्यायचं नाही, ही तिथली रीत. मी तोलायचो त्या अडत दुकानाचे दिवाणजी सांगायचे, "सही केलीस की गुंतलास."

मुलगी धारवाडला इंजिनिअरिंगला लागली तेव्हा सरकारी योजनेतलं शिक्षणकर्ज काढलं. बँकेचा साहेब म्हणाला, तारण नको, शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ताही नको. दाखवील तिथं सह्या केल्या. घरी येऊन जेवण गेलं नाही. ओळखीशिवाय यार्डात कोण पोतंभर मिरची देत नाही, अन् हा तारणाशिवाय एवढा पैसा देतो? त्या इंग्रजी कागदांत घर लिहून घेतलं असणार, हे डोक्यात बसलं ते बसलंच. बायकोला बोललो नाही.

दुसऱ्या वर्षी बँकेचं रजिस्टर आलं. मी दारातच पोस्टमनला म्हणालो, "परत लिहा. माणूस गावाला गेलाय."

तो हसला. "मामा, गावाला गेलेला माणूसच सांगतोय होय?"

तीन वेळा परत पाठवलं. सायकलची घंटा ऐकली की संडासात जाऊन बसायचो.

मग धारवाडातल्या सप्तापूरच्या खोलीवरून मुलीचा फोन आला. रडत होती. "अप्पा, फी भरली नाही बँकेनं. दहा दिवसांत भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. तीन पत्रं परत आली म्हणतायत!"

बायको शेजारीच भाकरी थापत होती. सगळं सांगावं लागलं. पिठाच्या हातानंच तिनं तवा खाली उतरवला.

"घर गेलं असतं," मी म्हणालो.

"अन् पोरीचं शिक्षण जात होतं ते? भ्यायचंच तर वाचून भ्या की!"

दुसऱ्या दिवशी तीच मला बँकेत घेऊन गेली. त्या पत्रांत काय होतं? मुलीचं मार्क्सकार्ड, माझी एक सही, अन् तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, एवढंच मागितलं होतं. दाखला दिला तर शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरणार होतं. घराचं नाव कुठंच नव्हतं. सही केली, फी वेळेत गेली. दाखला द्यायची मुदत मात्र उलटली होती. त्या वर्षाचं व्याज माझ्या भीतीनं आमच्या गळ्यात घातलं.

पुढं मुलगी एम.टेक.ला गेली. त्या कर्जाला बायकोनं मला सही करू दिली नाही. "तुम्ही पोस्टमनला बघून पळणार," म्हणाली, अन् आपलं नाव घातलं.

चार महिन्यांपूर्वी बायको गेली. मुलीचं एक वर्ष अजून बाकी आहे.

परवा घंटा वाजली. रजिस्टर, बँकेचं. माझे पाय संडासाकडं वळले होते, खोटं कशाला सांगू. पण सही केली. पत्र कन्नडमध्ये होतं, एकेक अक्षर लावून वाचलं. कर्जावर सही करणारी वारली असं मुलीनं कळवलं आहे, तिच्या जागी दुसऱ्यानं सही करावी, येताना मृत्यूचा दाखला आणावा. नाही तर पुढची फी थांबेल.

घरात एकटाच वाचून भ्यालो.

तो दाखला अजून मी काढलेला नाही. तिचं नाव त्या कागदावर बघायचं धाडस होत नव्हतं. उद्या महापालिकेत जातो. तिथून बँकेत.